रुप्याची बेडी सुटल्यानंतर

(तरुण लेखक व पत्रकारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



१८७९ साली रत्नागिरीच्या सरकारी शाळेत बदली झालेल्या एका शिक्षकाने नोकरीचा राजीनामा दिला. वय तिशीच्या आतले, घराणे विद्वानांचे, वडिलांचे छत्र आदल्याच वर्षी हरपलेले. हातातील नोकरी कायमची होती, प्रतिष्ठेची होती, आणि त्या काळात पदवीधर ब्राह्मण तरुणाने याहून अधिक कशाची अपेक्षा करावी असे कोणालाही वाटत नव्हते. तरीही विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ती सोडली. सरकारी पगाराला त्या काळचे स्वाभिमानी लोक रुप्याची बेडी म्हणत. ती बेडी तोडल्याचा हा प्रसंग महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना पूर्वी पाठ असे, आणि व्याख्यानांतून तो आजही मोठ्या आवेशाने सांगितला जातो.

या आवेशात एक गोष्ट मात्र नेहमी निसटते. ‘निबंधमाला’ सुरू झाली ती १८७४ च्या जानेवारीत. राजीनामा आला पाच वर्षांनंतर. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुसंख्य अंकांचा लेखक दिवसा सरकारी शाळेत वर्ग घेणारा नोकरदार माणूस होता. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला, चित्रशाळेची उभारणी झाली, तेव्हाही पगाराची नोंद सरकारी वहीतच होत होती. म्हणजे शास्त्रीबुवांनी नोकरी सोडून लेखन सुरू केले, हा समज खरा नाही. लेखन उभे राहिले, त्याला वाचक मिळाला, छापखान्याची वाट सापडली, सोबतीला माणसे जमली, आणि त्यानंतर नोकरी गळून पडली. आजच्या विषयाचा अर्धा भाग या कालक्रमातच दडलेला आहे.

आजचा विषय एजन्सीची नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतंत्र लेखन करू इच्छिणाऱ्यांचा आहे. येथे ‘पूर्णवेळ’ हा शब्द जपून वापरावा लागतो. या सभागृहात हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रचारक उभा राहतो. घरदार मागे ठेवून निघालेल्या त्या कार्यकर्त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता समाज वाहतो. कोणत्याही गावात त्याच्यासाठी एक पान वाढलेले असते. पूर्णवेळ लेखकासाठी असे पान कोठेही वाढलेले नसते. त्याच्या मागे आईवडील असतात, पत्नी असते, मुलांच्या शाळेची फी असते, घराच्या कर्जाचा हप्ता असतो. शब्द एक असला तरी दोन्ही मार्गांचा योगक्षेम निरनिराळा आहे, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळे अनेक चांगल्या लेखण्या अकाली थकल्या आहेत.

एजन्सी म्हणजे तरी काय? मराठीत या एका शब्दाखाली दोन वेगळी जगे नांदतात. एक वृत्तसंस्थेचे आणि दुसरे जाहिरातसंस्थेचे. दोन्हीकडे एक समान धागा आहे. तेथे लिहिणाऱ्याचे नाव नसते.

वृत्तसंस्थेच्या नावाविना लेखनाला एक उदात्त परंपरा आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. दादासाहेब आपटे यांनी १९४८ साली ‘हिंदुस्थान समाचार’ उभी केली ती भारतीय भाषांतील वृत्तपत्रांना इंग्रजीच्या उष्ट्यावर जगावे लागू नये म्हणून. अशा संस्थेच्या बातमीदाराने पाठवलेली ओळ अनेक वृत्तपत्रांत छापली जाई आणि तिच्याखाली त्याचे नाव नसे. त्याला त्याची खंतही नसे. मात्र याच व्यवस्थेची दुसरी बाजू आणीबाणीत देशाने पाहिली. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली, आणि १९७८ साली त्या पुन्हा विलग होईपर्यंत देशातील बातमीचा नळ एकाच हातात राहिला. संस्थेत लिहिणारी माणसे तीच होती, भाषा तीच होती, लेखणीचा मालक तेवढा बदलला होता. नोकरीतील लेखणी किती सहज दुसऱ्याची होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

जाहिरातसंस्थेचे जग वेगळे. असा एक तरुण डोळ्यांसमोर आणावा. राहणार डोंबिवलीचा, वय पस्तिशीच्या आसपास, परळ-अंधेरीकडच्या एजन्सीत दहा-अकरा वर्षे कॉपीरायटर. मराठी उत्तम, हिंदी चांगले, इंग्रजी कामापुरते. साबणापासून गृहसंकुलापर्यंत सर्व गोष्टींसाठी त्याने शब्द शिवून दिले. क्लायंटचा ब्रीफ सायंकाळी सहाला यायचा आणि मजकूर सकाळी हवा असायचा. त्याच्या ओळी लोकल गाडीच्या डब्यात चिकटल्या, महामार्गावरच्या फलकांवर चढल्या, आणि त्या त्याच्या आहेत हे घरच्या माणसांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. व्यवसायाचे नाव कॉपीरायटर, पण कॉपीराइट त्याच्याकडे एका ओळीचाही नाही. मराठीत लिहिताना हे दोन शब्द शेजारी आले की जो विनोद होतो, तो त्या तरुणाला फारसा हसवत नाही.

असा माणूस नोकरी का सोडू पाहतो? थकवा हे कारण असतेच, परंतु तेवढ्याने कोणी पगार सोडत नाही. मनाला लागलेले काही तरी असते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. त्यानंतरही पानमसाला, सुगंधी सुपारी, वेलची अशा नावांखाली जुनीच नाममुद्रा घराघरांत पोहोचवणाऱ्या जाहिराती देशभर होत राहिल्या. त्यांचे शब्द कोणी तरी लिहितच होते. ज्याच्या घरी सकाळी रामरक्षा म्हटली जाते, ज्याने शाखेत व्यसनमुक्तीवर बौद्धिक दिलेले आहे, त्याने कार्यालयात जाऊन वेलचीच्या आडून तंबाखूची नाममुद्रा विकावी, हा विसंवाद काही काळ झाकता येतो. कायमचा झाकता येत नाही. आता त्यात आणखी एक भर पडली आहे. साधारण दर्जाचा मजकूर यंत्र क्षणार्धात लिहून देते, आणि एजन्सीमध्ये लेखकाकडे येणारे काम हळूहळू यंत्राचा मजकूर दुरुस्त करण्याचे होऊ लागले आहे. ज्याला आपल्या शब्दाबद्दल अभिमान आहे, त्याला ही दुरुस्तीची मजुरी जाचते.

म्हणजे कारण खरे आहे. प्रश्न पुढच्या महिन्याच्या सात तारखेचा आहे.

या ठिकाणी पुन्हा विष्णुशास्त्र्यांकडे, किंबहुना त्यांनी आदराने न्याहाळलेल्या एका परकीय लेखकाकडे वळले पाहिजे. निबंधमालेत त्यांनी डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज लेखकावर विस्ताराने लिहिले. इंग्रजी राज्यावर इतके प्रखर प्रहार करणाऱ्या माणसाने एका इंग्रजाचे चरित्र इतक्या आत्मीयतेने सांगावे, याचे काहींना आश्चर्य वाटते. वस्तुतः त्यात आश्चर्य नाही. शास्त्रीबुवांचा विरोध दास्याला होता, गुणांना नव्हता. (त्यांच्या स्वकीयांवरील टीकेत मात्र ही गुणग्राहकता सर्वत्र दिसत नाही. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावरची त्यांची टीका प्रसंगी अन्यायाची झाली, हे आज मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.) जॉन्सनमध्ये त्यांना दिसला तो राजाश्रयाशिवाय, केवळ लेखणीवर जगलेला माणूस.

हे जगणे कसे होते? जॉन्सनला पैशाअभावी ऑक्सफर्डचे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. १७३७ मध्ये तो लंडनला आला आणि एडवर्ड केव्ह या प्रकाशकाच्या मासिकासाठी मिळेल ते लिहू लागला. संसदेतील भाषणे छापण्यास तेव्हा मनाई होती. म्हणून ‘लिलिपुट’ या काल्पनिक देशातील सभेचा वृत्तांत अशा आडोशाने ती छापली जात, आणि तुटक टिपणांवरून ती भाषणे जॉन्सन आपल्या खोलीत बसून रचत असे. नावाविना, परक्याच्या मागणीवरून, ऐकीव माहितीवर. आजच्या भाषेत सांगायचे तर हीसुद्धा एजन्सीचीच नोकरी. लोक ती भाषणे खरी मानतात हे कळल्यावर त्याने ते काम सोडले.

१७४६ साली लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी इंग्रजी भाषेच्या कोशाचे काम त्याला दिले. मोबदला ठरला १५०० गिनी, म्हणजे १५७५ पौंड. रक्कम मोठी वाटते. परंतु त्यातूनच मदतनिसांचे पगार द्यायचे होते, कागद घ्यायचा होता, घरही चालवायचे होते. काम चालले जवळजवळ नऊ वर्षे. पैसा हप्त्याहप्त्याने येत गेला आणि ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच संपला. मधल्या काळात, १७५० ते १७५२, त्याने दर मंगळवारी आणि शनिवारी एक याप्रमाणे ‘रॅम्बलर’ या नियतकालिकाचे २०८ अंक काढले. काही थोडे अपवाद वगळता सारे एकहाती. प्रत्येक निबंधाचे दोन गिनी मिळत. कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने लेखकाला अजरामर केले, आणि पुढच्याच वर्षी पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्याच माणसाला अटक झाली. सॅम्युएल रिचर्डसन या कादंबरीकाराने उसने पैसे पाठवले तेव्हा तो सुटला. १७५९ च्या जानेवारीत त्याची आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च आणि किरकोळ देणी भागवण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या रात्री जागून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. तिचे शंभर पौंड आले, दुसऱ्या आवृत्तीचे आणखी पंचवीस.

ती कथा मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि ते तडीस नेले त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी. एका लेखकाने आईच्या उत्तरकार्यासाठी लिहिलेले पुस्तक पुण्यातील एका पितापुत्रांनी मराठीत आणले, आणि त्या पुत्राने पुढे पगार सोडून लेखणी धरली. जॉन्सनचे हाल त्याला पूर्ण माहीत होते. राजीनामा देताना तो भाबडा नव्हता.

जॉन्सनच्या हकिगतीचा उत्तरार्धही सांगून टाकावा. १७६२ मध्ये राजाने त्याला वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले आणि त्याने ते घेतले. आपल्याच कोशात ‘पेन्शन’ या शब्दाचा त्याने अतिशय बोचरा अर्थ दिला होता. लोकांनी त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा केली. पण पंचवीस वर्षे महिन्याचा हिशेब जुळवण्यात घालवलेल्या माणसाला हसण्यापूर्वी त्या पंचवीस वर्षांचा विचार व्हायला हवा.

आता डोंबिवलीच्या त्या तरुणाचा हिशेब. मराठी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती निघाल्या, किंमत तीनशे रुपये, लेखकाचे मानधन दहा टक्के, आणि सर्व प्रती विकल्या गेल्या असे धरले, तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात. पुस्तकाला लागलेली दोन वर्षे त्यात भागली तर महिन्याला साडेबाराशे. म्हणजे मराठी ग्रंथलेखनावर कुटुंब चालत नाही. हे कटू आहे, पण ते राजीनाम्याआधी कळलेले बरे. स्वतंत्र मराठी लेखक जगतो तो अनुवादावर, संस्थांच्या स्मरणिका आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल यांवर, माहितीपटांच्या संहितांवर, मालिकांच्या संवादांवर, पाठ्यसाहित्यावर, आणि हो, जाहिरातींवरही. फरक इतकाच की आता वेलचीला नकार देता येतो. हा फरक लहान नाही, मात्र या नकाराची किंमत आता एजन्सी देत नाही, स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

पगाराची बरोबरी करतानाही चूक होते. महिन्याला साठ हजार पगार होता, म्हणून साठ हजारांची कामे मिळाली की झाले, असे वाटते. पगाराबरोबर मालक भविष्यनिर्वाह निधीत आपला वाटा भरत होता, आजारपणाची रजा देत होता, विम्याचा हप्ता देत होता, संगणक आणि वीज त्याची होती. आता गणपतीचे पाच दिवस काम केले नाही तर पाच दिवसांचे उत्पन्न नाही. काम मिळवण्यात, बैठकांत, तिसऱ्यांदा मागितलेल्या दुरुस्त्यांत आणि पैशाच्या आठवणी करण्यात जाणारे दिवस बिनपगारी असतात. महिन्यातील निम्मेच दिवस कमाईचे, असे धरून दर ठरवणारा टिकतो. व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः दहा टक्के कर आधीच कापून येतो, तोही हाती येणाऱ्या रकमेतून वजा धरावा लागतो.

पैसे उशिरा येणे हा तर या व्यवसायाचा स्थायी रोग. त्यावर एक औषध कायद्यात आहे आणि लेखकांपैकी फार थोडे ते वापरतात. सूक्ष्म व लघू उद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा सेवा पुरवणाऱ्यांनाही लागू होतो. एकट्याने काम करणारा लेखक ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य करून त्याच्या कक्षेत येऊ शकतो. करारात काहीही लिहिलेले असले तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक होते. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. प्रत्यक्षात दावा लावण्याची वेळ क्वचितच यावी. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापलेला असला, की हिशेबनिसाच्या टेबलावर ते बिल जरा वर सरकते.

याहून महत्त्वाचा कायदा १९५७ चा, स्वामित्वहक्काचा. साहित्यकृतीचा पहिला स्वामी तिचा लेखक, हा त्याचा मूळ नियम. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला स्वामी मात्र, वेगळा करार नसेल तर, मालक ठरतो. वृत्तपत्रे व नियतकालिकांच्या नोकरांपुरता नियम थोडा निराळा आहे. तेथे प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे जातो, बाकीचा लेखकाकडे राहतो. डोंबिवलीच्या तरुणाची अकरा वर्षांची प्रत्येक ओळ एजन्सीची झाली ती याच नियमाने. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून चित्र उलटते. त्याने लिहिलेला मजकूर आता प्रथम त्याचा असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हस्तांतर लागते. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात अन्यथा म्हटलेले नसल्यास, ते लेखकाकडे परत येतात. आणि सर्व हक्क विकले तरी आपण या कृतीचे कर्ते आहोत असे म्हणण्याचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकार व संहितालेखकांच्या मानधनाच्या वाट्यालाही संरक्षण मिळाले. इतके सारे कायद्याने दिलेले असताना लेखक मात्र ग्राहकाने पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करतो, आणि मग पुढची वीस वर्षे प्रकाशनव्यवहाराला बोल लावतो.

येथे घरातलीच एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती बाहेरच्यांनी बोलण्यापूर्वी आपल्याच व्यासपीठावर बोलली जाणे योग्य. नोकरी सोडून स्वतंत्र लेखनाकडे वळलेल्या कार्यकर्त्याकडे पहिले काम बहुधा परिचितांकडून येते. शिक्षणसंस्थेची स्मरणिका, सहकारी बँकेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ, एखाद्या सेवाप्रकल्पाची पुस्तिका, दिवंगत कार्यकर्त्याचे चरित्र. छापखान्याचे बिल वेळेवर दिले जाते, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम मिळते, मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही काही दिले जाते. लेखकाला शाल, श्रीफळ आणि ‘तुम्ही आपलेच’ हे वाक्य. तो संकोचाने बोलत नाही. संयोजकांच्या मनात खोट नसते, हेही खरे. समर्पणाच्या संस्कारात वाढलेल्यांना पैशाचा विषय काढणे हेच मुळी हीन वाटते. तोच लेखक नोकरीत होता तेव्हा रविवारी केलेले असे लेखन ही त्याची सेवा होती, कारण सोमवार ते शनिवारचा पगार त्याच्या घरी पोहोचत होता. आता त्याचा रविवार आणि सोमवार एकच झाला आहे. त्याच्याकडून फुकट घेतलेला मजकूर म्हणजे त्याच्या मुलांच्या फीमधून घेतलेली देणगी, आणि ती देणगी त्याला न विचारता घेतली जाते.

यावर उपाय साधा आहे, पण दोन्ही बाजूंनी धैर्य लागते. वर्षाच्या आरंभी लेखकाने स्वतःशी ठरवावे की इतके दिवस कार्यासाठी, विनामोबदला. एखादा वर्षाला तीस दिवस देईल, एखादा दहा. तेवढे झाले की पुढील कामाचा दर सांगावा, स्पष्ट आणि हसतमुखाने. संस्थेनेही मंडपाच्या अंदाजपत्रकाशेजारी लेखनाचा रकाना ठेवावा. गुरुदक्षिणेत जे येते ते स्वेच्छेने येते म्हणूनच त्याला मोल आहे.

एजन्सीतून बाहेर पडलेला लेखक स्वतंत्र झाला, असे मानण्याची घाईही करू नये. एका क्लायंटऐवजी पाच क्लायंट असतात. राजकीय पक्षांची प्रचारपत्रके लिहिणे हे निवडणुकीच्या हंगामात सर्वांत जास्त पैसे देणारे काम ठरते, आणि ज्या पक्षाशी मन जुळते त्याचे लिहिताना तर विवेक अधिकच झोपी जातो. जॉन्सनने लिलिपुटची भाषणे सोडली, कारण वाचक फसतो आहे हे त्याला कळले. आपल्या विचारांचा वाचक फसत असेल तर ते सोडणे अधिक कठीण. हा प्रश्न प्रत्येकाला आपल्या टेबलाशी एकट्यानेच सोडवायचा आहे. अभ्यासवर्गात त्याचे उत्तर मिळत नाही.

घराचा विषय शेवटी आला तरी त्याचे स्थान पहिले आहे. ‘नोकरी सोडली’ हे वाक्य वडिलांना राजीनामा दिल्यानंतर ऐकवले जाते, हा बहुतेक घरांतील कलहाचा उगम. ज्या पिढीने गिरणीचा भोंगा बंद पडलेला पाहिला, बँकेच्या वा टपालखात्याच्या नोकरीवर चार माणसे शिकवली, तिच्या दृष्टीने पगार हा केवळ पैसा नव्हता, तो घराचा कणा होता. तिची भीती खुळी नाही. आठवड्यातून एकदा सर्व कुटुंबाने एकत्र बसावे असा कुटुंबप्रबोधनाचा आग्रह असतो. त्या बैठकीत हा विषय राजीनाम्यापूर्वी सहा महिने तरी मांडला जावा, तोही आकड्यांसह. वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे का, कर्जाचा हप्ता कोण भरणार, आईच्या औषधांचे काय, आरोग्यविमा नोकरी सुटण्याआधी स्वतःच्या नावे घेतला आहे का. पत्नीची नोकरी असेल तर पुढील दोन वर्षे घर तिच्या पगारावर चालेल, हे मोकळेपणाने उच्चारले जावे, आणि घरकामाची वाटणी त्याप्रमाणे बदलावी. दिवसभर घरात बसलेला पुरुष रिकामा आहे असे शेजारी समजतात. गॅसची टाकी घेण्यापासून पाहुण्यांना स्थानकावरून आणण्यापर्यंतची सर्व कामे त्याच्याकडे येतात. लेखनाचे तास दाराबाहेर लिहून ठेवण्याची लाज वाटू नये. स्त्री लेखिका असेल तर हे दहा पटींनी खरे, कारण तिच्या घरी असण्याला तर कोणी काम मानतच नाही.

वेळेच्या शिस्तीचे उदाहरण हवे असेल तर जॉन्सनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत. आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतांची संख्या ५६ झाली. आदल्याच वर्षी दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले बाबूजी आणि चित्रपटांच्या कथा, पटकथा, गीते यांवर संसार चालवणारे गदिमा. दोघांनाही महिन्याचा पगार देणारा मालक नव्हता, आणि इतर कामेही थांबलेली नव्हती. एकाही आठवड्याला महाराष्ट्राने रेडिओ लावून रिकाम्या हाताने उठावे असे झाले नाही.

विष्णुशास्त्र्यांना राजीनाम्यानंतर तीन वर्षेही मिळाली नाहीत. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. तेवढ्या अवधीत, १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. आर्यभूषण छापखाना उभा राहिला. शाळेत टिळक होते, नामजोशी होते, पुढे आगरकर आणि वामन शिवराम आपटे आले. एकट्याने खोलीत बसून लिहिण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली नव्हती. छापणारा, विकणारा, चित्र काढणारा, शिकवणारा असा संच त्यांनी स्वतःभोवती आधी जमवला होता आणि त्यात आपली लेखणी ठेवली होती. आजच्या स्वतंत्र लेखकांनी आपापसांत दर ठरवावेत, एकमेकांचे करार वाचावेत, आजारी पडलेल्याचे काम दुसऱ्याने वेळेत पुरे करून द्यावे, असा दहा-बारा जणांचा गट प्रत्येक शहरात उभा करणे अवघड नाही. पुढील सत्रात त्याचीच चर्चा ठेवलेली आहे. लेखनाच्या करारपत्राचा दोन पानी मराठी नमुना दाराजवळच्या मेजावर आहे. चहाला जाताना प्रत्येकाने एक प्रत घ्यावी आणि त्यातील मुदतीचे व प्रदेशाचे कलम परत येण्यापूर्वी वाचून यावे.